ठासणीच्या रायफलीचे झाकलेले काम

शस्त्राचे सौंदर्य पाहताना आपला रसिक बहुधा मुठीवर थांबतो. तलवारीच्या मुठीवरील सोन्याची तार, नळीवरील वेलबुट्टी, एवढे पाहिले म्हणजे त्याचे पाहणे संपले. या मापाने एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी केपाची रायफल मोजली तर ती नापासच व्हावयाची. अक्रोडी दस्ता जवळजवळ कोरा, नळी तपकिरी, नक्षी फार तर घोड्याच्या पत्र्यावर चार पानांची. तरीही लोखंड आणि लाकूड यांच्या जोडकामात इतकी उंची फार थोड्या वस्तूंनी गाठली आहे, असे माझे मत आहे.

चकमकीच्या बंदुकीत रंजक उघड्यावर पेटे. तो लखलखाट दिसताच पाखरे सावध होतात, या अनुभवाने त्रासलेल्या अलेक्झांडर फोर्सिथ नावाच्या स्कॉटिश धर्मोपदेशकाने आघाताने पेटणाऱ्या दारूची युक्ती काढून १८०७ साली तिचे पेटंट घेतले. पुढे तिचीच तांब्याची इवलीशी टोपी, म्हणजे केप, झाली. पावसात रंजक भिजण्याची भीती सरली. कोरगावचा आषाढ ज्याने पाहिला आहे त्याला या सुधारणेचे मोल सांगावयास नको.

परंतु शोध निराळा आणि कारागिरी निराळी. उत्तम नळी लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून, गजाभोवती गुंडाळून, तापवून ठोकून सांधीत. एका प्रकारात तर घोड्यांच्या नालांचे झिजलेले खिळे वापरीत. आतील आटे हाताने, एकेक रेघ करून कापलेले. दस्ता घडविणारा कारागीर घोड्याच्या यंत्राला दिव्याची काजळी लावून ते लाकडात दाबी, जेथे काळे उठेल तेथेच पटाशी चालवी, आणि लाकूड लोखंडाला सर्वत्र सारखे भिडेपर्यंत हेच करीत राही. ज्या रायफलीचा चाप अतिशय हलका ठेवावयाचा, तिच्या यंत्रात धान्याच्या दाण्याएवढी एक पोलादी पट्टी असे. घोडा पडताना मधल्या खाचेत अडकू नये, एवढेच तिचे काम. ती कोणाला दिसत नाही. जोसेफ मँटन आणि त्याच्या हाताखाली काम केलेला जेम्स पर्डी यांची कीर्ती अशा झाकलेल्या कामावर उभी आहे. (मँटनचे १८२६ साली दिवाळे निघाले, हेही सांगितले पाहिजे.)

येथे सरसकट स्तुती करणाऱ्यांशी माझे जमत नाही. १८५७ च्या काडतुसांमुळे आपल्या परिचयाची झालेली १८५३ च्या नमुन्याची एनफील्ड ही पुढे यंत्रावर निघू लागली. तेथे एकीचा भाग दुसरीला बसतो, हाच तिचा गुण. पर्डीच्या रायफलीचा भाग दुसरीला बसेलच असे नाही. दोन्ही इंग्रजी म्हणून एकाच कौतुकात गुंडाळणे म्हणजे छापील पट आणि हाताने रंगविलेला पट एकच मानणे होय. शिवाय हा हात इंग्रजांचीच मिरास नव्हे. गोव्याच्या बंदूककारांना आल्बुकर्कने १५१३ साली बोहेमियाच्या उस्तादांच्या पंक्तीला बसविले होते.

खंडेनवमीला जुन्या घरांतून निघणाऱ्या ठासणीच्या बंदुकांवर आपण गंधफूल वाहतो, पण नळीच्या खालच्या अंगाचा परीक्षेचा शिक्का कोणी वाचीत नाही. बर्मिंगहॅमला १८१३ च्या कायद्याने नळ्यांची सक्तीची परीक्षा सुरू झाली. तेव्हा तो शिक्का वस्तूचा जन्मदाखलाच असतो. संग्रहालयातील ‘जुनी बंदूक’ एवढ्याच चिठ्ठीवर समाधान मानणारे आपण, घरातील वस्तूला तरी अधिक काय देणार?

आणि कायदा? १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचे ४५ वे कलम जुनाट घडणीच्या किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या हत्याराला सूट देते, पण दुरुस्तीनेही ते बंदूक म्हणून चालणार नसेल तरच. हेतू योग्य आहे, सार्वजनिक सुरक्षिततेपुढे रसिकतेने मागे सरावे. मात्र परवान्याची कटकट नको म्हणून घाईने नळी कापणे, यंत्र वितळवून डांबणे, हा त्या कलमाचा सर्वांत आळशी अर्थ होय. पाहण्यासारखे जे होते नेमके तेच त्यात जाते. परवाना शक्य असेल तर तो घ्यावा. नसेल तर हत्यार निकामी करण्यापूर्वी, अधिकाऱ्यांच्या संमतीने, जाणकाराकडून यंत्र उघडवून त्याची छायाचित्रे घ्यावीत, शिक्के, क्रमांक आणि कारागिराचे नाव उतरवून ठेवावे. या कामाला एक दुपार पुरते.