नाम आणि नायक : ‘अ‍ॅब्सोल्यूट’ चित्रमालिकांचे परीक्षण

१९६४ साली सुरू झालेल्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’च्या मराठी अंकांतून ‘फँटम’ हा परदेशी नायक आपल्याकडे ‘वेताळ’ या नावाने अवतरला. नाव बदलले, परंतु मुखवटा, कवटीची गुहा आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे व्रत ही कायम राहिली. याच्या नेमका उलट प्रयोग अमेरिकेतील डीसी या प्रकाशनसंस्थेने २०२४ च्या ऑक्टोबरपासून ‘अ‍ॅब्सोल्यूट’ या मथळ्याखाली आरंभिला. येथे नावे जुनीच आहेत; काढून घेतला आहे तो नावामागचा आधार.

भाषाभ्यासकास ही रीत परिचित आहे. शब्दातील एखादा वर्ण वगळून किंवा बदलून अर्थ पालटतो की नाही, हे पाहिल्यावर त्या वर्णाचे मूल्य ठरविता येते. सुपरमॅन (१९३८), बॅटमॅन (१९३९) आणि वंडर वूमन (१९४१) या पात्रांवर हीच कसोटी लावून पाहणे म्हणूनच उचित ठरेल.

स्कॉट स्नायडर (लेखन) आणि निक ड्रॅगोटा (चित्रे) यांच्या मालिकेतील बॅटमॅन धनाढ्य नाही. ब्रूस वेन हा शिक्षकाचा मुलगा असून व्यवसायाने स्थापत्य अभियंता आहे. त्याला वाडा नाही, सेवक नाही. वडील मारले गेले आहेत, पण आई हयात आहे. छातीवरचे वटवाघळाचे चिन्ह काढून त्याची कुऱ्हाड करता येते, ही कल्पना वेधक खरी. तथापि, संपत्तीची उणीव येथे अवाढव्य देहाने आणि तितक्याच अवाढव्य यंत्रांनी लगोलग भरून निघते. दारिद्र्य सांगितले जाते. त्याची झळ मात्र क्वचितच लागते. खरा पालट घडतो तो आईमुळे : सर्वस्व गमावलेल्या नायकाला आता गमावण्याजोगे काहीतरी उरले आहे.

जेसन एरन व राफा सँडोवाल यांच्या ‘सुपरमॅन’मध्ये छातीवरील चिन्हाचा अर्थच नव्याने घडविला आहे. क्रिप्टन ग्रहावर ते श्रमिकवर्गाचे चिन्ह आहे. म्हणजे ज्या खुणेने माणसास खालच्या पायरीवर ठेवले, तीच खूण पृथ्वीवर खाणकामगारांच्या रक्षकाची ठरते. चिन्ह तेच, मूल्य उलटे. चिन्हाचा अर्थ त्याच्या आकारात नसून व्यवस्थेतील त्याच्या स्थानात असतो, या सिद्धान्ताचे इतके सुबोध उदाहरण आम्हांस अन्यत्र सहसा आढळले नाही.

तथापि, तिहींत सरस ठरते ती केली थॉम्पसन आणि हेडन शर्मन यांची ‘वंडर वूमन’. डायना येथे स्वजनांत वाढलेली नाही. नरकात सर्सी या मायाविनीने तिचे पालन केले आहे, आणि ‘अ‍ॅमेझॉन’ हा शब्द उच्चारण्यास देवांनी सर्सीला मनाई केली आहे. एखाद्या लोकसमूहाचा नाश पूर्ण करावयाचा असेल तर त्याचे नाव मुलांच्या कानी पडू देऊ नये, हे देवांस पक्के ठाऊक आहे. ज्यांची बोली घरातूनच मावळत गेली, अशा कुटुंबांस ही शिक्षा कल्पित वाटणार नाही. परंतु डायनेला घडविते ती कुळाची वंशावळ नसून पालनकर्तीची माया होय. आणि म्हणूनच दुसऱ्याला नरकातून सोडविण्यासाठी स्वतःचा हात देणारी ही कन्या आपल्या नावास पात्र ठरते. शर्मन यांच्या चित्रांतील भव्यता तिच्या करुणेस झाकोळत नाही, हा त्यांचा विशेष गुण.

उणीव नुसती जाहीर केल्याने कथा नवी होत नाही. पात्राला त्या उणिवेसह जगावे लागते तेव्हाच ती नवी होते. या मापाने ‘बॅटमॅन’ निम्म्या वाटेवर थांबतो, ‘सुपरमॅन’ बराच पुढे जातो, आणि ‘वंडर वूमन’ मुक्कामास पोहोचते. जुन्या नावांत अद्याप अर्थ शिल्लक आहे, ही साक्ष तिने दिली. अभ्यासकास एवढे पुरेसे आहे.