शुद्धिपत्राची भाषा : ओपनबीएसडीच्या दुरुस्ती-नोंदींचे परीक्षण

ग्रंथपरीक्षणात शुद्धिपत्राला स्थान देण्याचा प्रघात नाही. ग्रंथाच्या अखेरीस जोडलेले ते अर्धे पान मुद्रकाच्या हातून झालेल्या चुकांची कबुली मानले जाते, आणि वाचकही त्याच्याकडे सहसा वळत नाही. परंतु ज्या संहितेतील एका ओळीच्या चुकीमुळे परक्या माणसाला दुसऱ्याच्या यंत्रात शिरकाव मिळू शकतो, त्या संहितेच्या शुद्धिपत्राकडे असे दुर्लक्ष करता येत नाही. ओपनबीएसडी ह्या मुक्तस्रोत ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रत्येक आवृत्तीबरोबर जे शुद्धिपत्र प्रसिद्ध होते, त्याचा लेखनप्रकार म्हणून विचार करावा, त्याचे गुण कोणते आणि मर्यादा कोणत्या हे पाहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम थोडी पार्श्वभूमी सांगणे अवश्य आहे. ओपनबीएसडीचा आरंभ १९९५ च्या ऑक्टोबरात झाला. थिओ डी राट हे नेटबीएसडी ह्या प्रकल्पाच्या संस्थापकांपैकी एक. तेथून बाजूला झाल्यावर त्यांनी कॅनडातील कॅलगरी येथून हा स्वतंत्र प्रकल्प सुरू केला. १९९६ पासून ह्या मंडळींनी सबंध संहितेचे ओळीओळीने संशोधन आरंभले. एके ठिकाणी एखादा दोष सापडला, तर त्याच जातीचा दोष अन्यत्र कोठे आहे हे सर्व संहितेत धुंडाळावयाचे, ही त्यांची पद्धत. सुमारे दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती निघते आणि कोणत्याही वेळी अखेरच्या दोन आवृत्त्यांसाठीच दुरुस्त्या पुरविल्या जातात. जुन्या आवृत्त्यांची शुद्धिपत्रेही जपून ठेवलेली असल्यामुळे, ह्या संहितेच्या चुकांचा इतिहास अभ्यासकाला सलग वाचता येतो.

नोंदीची घडण ठरीव आहे. आरंभी तीन अंकी अनुक्रमांक, नंतर वर्ग, म्हणजे ही दुरुस्ती ‘सुरक्षिततेची’ आहे की ‘विश्वसनीयतेची’, मग तारीख, दोष कोणत्या जातीच्या यंत्रांना लागू आहे त्याचा निर्देश, नंतर एक किंवा दोन वाक्यांत दोषाचे स्वरूप, आणि शेवटी, हा दोष दूर करणारा पॅच उपलब्ध आहे असे सांगणारे, नोंदीनोंदीतून आवर्तत जाणारे एक वाक्य. विशेषणे नाहीत, दिलगिरी नाही, आत्मसमर्थनही नाही. उदाहरणार्थ, २०२० च्या जानेवारीतील टपालसेवेविषयीची नोंद घ्यावी. एका चुकीच्या तपासणीमुळे हल्लेखोराला यंत्राच्या सर्वाधिकाऱ्याच्या नावाने वाटेल त्या आज्ञा चालविता येतात, असे ती नोंद सरळ सांगते. ह्याहून गंभीर दोष कल्पिणे कठीण. पण वाक्याचा स्वर एखाद्या किरकोळ दोषाच्या नोंदीहून तसूभरही उंच नाही. हा समस्वर ह्या लेखनाचा पहिला गुण होय. लेखकाने घाबरावयाचे नाही आणि वाचकालाही घाबरवावयाचे नाही, असा संयम त्यात दिसतो.

दुसरा गुण पॅचच्या रचनेत आहे. पॅच म्हणजे ठिगळ; परंतु हे ठिगळ फाटका भाग झाकून टाकीत नाही. जी ओळ काढावयाची तिच्या आरंभी उणे चिन्ह, जी घालावयाची तिच्या आरंभी अधिक चिन्ह, आणि स्थल ओळखता यावे म्हणून मागेपुढे सामान्यतः तीन-तीन अविकृत ओळी, असे त्याचे रूप असते. अशी ठिगळे संहितेत बसविणारे ‘पॅच’ नावाचे साधन लॅरी वॉल यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केले. वॉल यांचे शिक्षण भाषाशास्त्राचे, ही गोष्ट येथे नमूद करण्याजोगी आहे. कारण ओळींचे क्रमांक सरकले असले तरी आजूबाजूच्या संदर्भावरून योग्य स्थल हुडकून काढावयाचे, ही त्या साधनाची रीत पाठचिकित्सकाच्या रीतीशी फार जुळती आहे. आपल्याकडे एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रतींत शिरलेले अपपाठ दूर करून शुद्ध प्रत सिद्ध केली. त्या उपकाराचे मोल मोठे आहे. तथापि कोणता पाठ कोठे टाकला आणि त्याजागी कोणता घेतला, ह्याची नोंद अभ्यासकाच्या हाती आलेली नाही. पॅचमध्ये त्याज्य पाठ आणि ग्राह्य पाठ शेजारी शेजारी उभे असतात, आणि म्हणून संशोधकाचा निर्णय पुन्हा तपासून पाहण्याची सोय वाचकाला राहते.

हा पाठ खऱ्या संपादकाच्या हातूनच आला आहे, अशी खात्री देण्याची व्यवस्थाही पुढे झाली. २०१४ च्या मे महिन्यातील ५.५ ह्या आवृत्तीपासून पॅचवर ‘सिग्निफाय’ ह्या साधनाने अंकीय स्वाक्षरी केली जाते. २०१७ च्या एप्रिलमधील ६.१ ह्या आवृत्तीपासून ‘सिसपॅच’ हे साधन आले आणि संहिता स्वतः पुन्हा बांधण्याचे श्रम अनेकांचे वाचले. लावलेली शेवटची दुरुस्ती मागे घेण्याचीही त्यात तरतूद आहे. मात्र ह्या सोयीबरोबर एक गोष्ट हातची सुटली, असे म्हणावे लागते. पूर्वी दुरुस्ती लावणाऱ्यास ती निदान डोळ्यांखालून तरी घालावी लागे. आता एका आज्ञेने सर्व दुरुस्त्या लागतात, आणि शुद्धिपत्र वाचावयाचे की नाही हा केवळ ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न उरतो.

येथवर गुणांचा विचार झाला. आता ह्या लेखनातील ज्या अंगाविषयी मतभेद संभवतो, त्या वर्गीकरणाकडे वळू. ‘सुरक्षितता’ आणि ‘विश्वसनीयता’ हे दोन शब्द वरवर पाहता निरुपद्रवी वाटतात. यंत्र अवचित बंद पडत असेल किंवा मेमरी गळत असेल, तर तो विश्वसनीयतेचा दोष. परक्याला अधिकार मिळत असेल किंवा गुप्त माहिती बाहेर जात असेल, तर तो सुरक्षिततेचा. परंतु नोंदीतील इतर सर्व विधाने संहितेविषयी असतात, आणि हा एकच शब्द परिणामाविषयी असतो. ओळ चुकीची आहे हे ओळ पाहून सांगता येते. त्या चुकीचा उपयोग कोणी कितपत करू शकेल, हे ओळ पाहून सांगता येत नाही. म्हणजे वर्गनाम हे वर्णन नसून भाष्य आहे. वाचक मात्र ते वर्णन म्हणून वाचतो आणि त्यावरूनच आज दुरुस्ती लावावयाची की पुढल्या महिन्यात, हे ठरवितो.

ही शंका केवळ तात्त्विक नाही, हे २००७ मधील प्रकरणावरून दिसून येईल. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत कोअर सिक्युरिटी ह्या संस्थेच्या संशोधकांनी ओपनबीएसडीच्या मंडळींना एक दोष कळविला. आयपीव्ही६ च्या मार्गाने विशिष्ट रीतीने तुकडे केलेले आयसीएमपी६ संदेश आले असता कर्नलमधील, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यातील, संदेश साठविणाऱ्या मेमरीच्या साखळीत बिघाड होत असे. मंडळींचे मत असे पडले की, ह्या बिघाडाने साखळी भ्रष्ट होईल आणि यंत्र कोसळेल, परंतु इतक्या खोलवरच्या दोषातून परक्याची आज्ञा चालविता येणे संभवनीय नाही. म्हणून दुरुस्तीला नाव मिळाले विश्वसनीयतेचे. मार्चच्या पहिल्या आठवड्यात त्याच संशोधकांनी दूरच्या यंत्रावरून कर्नलमध्ये आपली आज्ञा चालवून दाखविली. त्यानंतर शुद्धिपत्रात ४.० ह्या आवृत्तीच्या दहाव्या क्रमांकावर, ७ मार्च २००७ ह्या तारखेने, ती नोंद सुरक्षिततेची दुरुस्ती म्हणून उभी राहिली. पॅच लावीपर्यंत येणारी सर्व आयपीव्ही६ वाहतूक ‘पीएफ’ ह्या गाळणीने अडवावी, असा तात्पुरता उपायही तीत दिला आहे. दोष तोच राहिला. त्याचे नाव मात्र बदलले.

ह्या प्रकरणात ओपनबीएसडीच्या मंडळींना दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे, पण ते न्याय्य होणार नाही. त्यांची भूमिका विचारपूर्वक घेतलेली आहे. चूक ती चूक. तिचा दुरुपयोग होऊ शकतो की नाही हे सिद्ध करण्यात दिवस घालविण्याऐवजी ती दुरुस्त करून पुढे जावे, हे ह्या प्रकल्पाचे पहिल्यापासूनचे सूत्र आहे, आणि त्याच सूत्रामुळे असंख्य दोष कोणाच्या लक्षात येण्यापूर्वीच नाहीसे झाले. शिवाय पुरावा समोर आल्यावर त्यांनी नाव बदलले, आणि आपल्या प्रसिद्ध बोधवाक्यातील संख्याही बदलली. मूळ स्थापनेत बाहेरून शिरता येण्याजोगे छिद्र आजवर केवळ एकच सापडले, असे ते वाक्य २००२ नंतर सांगत असे. २००७ पासून ते दोन म्हणू लागले. तरीही एक आक्षेप शिल्लक राहतोच. ‘चूक ती चूक’ हे सूत्र खरे मानावयाचे, तर दोन वर्गांची गरज काय? आणि वर्ग ठेवावयाचे, तर ज्याने चूक केली व जो ती दुरुस्त करीत आहे, त्यानेच तिच्या गांभीर्याचा निर्णय द्यावा, हे परीक्षणाच्या कोणत्याही क्षेत्रात इष्ट मानले जात नाही.

बोधवाक्याचीही अशीच चिकित्सा करता येते. त्यातील सर्व भार ‘मूळ स्थापना’ ह्या पदावर आहे. वर उल्लेखिलेला २०२० चा टपालसेवेतील दोष क्वालिस ह्या संस्थेच्या संशोधकांनी उघडकीस आणला. मूळ स्थापनेत ती सेवा केवळ यंत्राच्या आतूनच संदेश स्वीकारते. त्यामुळे तेथे हा दोष स्थानिक ठरला आणि बोधवाक्यातील संख्या दोनवरच राहिली. शब्दशः पाहता ह्यात असत्य काही नाही. परंतु ज्याने टपालसेवा टपालासाठी म्हणून बाहेरच्या जगाला खुली केली, त्याच्या दृष्टीने त्या सत्याचे मूल्य किती? ह्या बोधवाक्याच्या तुलनेत शुद्धिपत्र अधिक प्रामाणिक आहे, असे आमचे मत आहे; कारण शुद्धिपत्र मोजत नाही, ते केवळ सांगते.

सांगण्याच्या काळाविषयीही दोन उदाहरणे विचारात घेण्याजोगी आहेत. ५.५ ही आवृत्ती १ मे २०१४ रोजी प्रसिद्ध झाली. पण तिच्या शुद्धिपत्रात ‘हार्टब्लीड’ ह्या नावाने गाजलेल्या ओपनएसएसएलमधील दोषाची नोंद ८ एप्रिलची आहे. मागणाऱ्याने सांगितलेली लांबी खरी आहे की नाही हे न तपासता ६४ किलोबाइटपर्यंतची मेमरी त्याच्या हवाली करणारा तो दोष. ग्रंथ बाहेर पडण्यापूर्वीच त्याचे शुद्धिपत्र निघावे, हा प्रसंग विरळा. त्यात लाज न मानता तारीख जशीच्या तशी ठेवली गेली, हे महत्त्वाचे. दुसरे उदाहरण वायफायच्या सुरक्षा-पद्धतीतील ‘क्रॅक’ ह्या दोषाचे. तो १६ ऑक्टोबर २०१७ रोजी जगजाहीर झाला. ओपनबीएसडीची दुरुस्ती मात्र ३० ऑगस्टचीच आहे. जुन्या किल्ल्यांची पुनःस्थापना होऊ शकते एवढेच त्या नोंदीत म्हटले होते. मोठ्या दोषाचा उच्चार नव्हता. ती दुरुस्ती लवकर प्रसिद्ध झाल्यामुळे इतरांच्या दोषाचा सुगावा आधी लागू शकला असता, असा आक्षेप निघाला, आणि दोष शोधणारे संशोधक मॅथी व्हॅनहूफ यांनी पुढील वेळी ह्या प्रकल्पाला सूचना उशिरा देण्याचे ठरविले. येथे नोंदीचा संक्षेप हा गुण की मौन, हे ठरविणे कठीण आहे. आपल्या वाचकाला सुरक्षित ठेवण्याचे कर्तव्य आणि इतरांच्या वाचकांविषयीचे कर्तव्य ह्यांत जेव्हा विरोध येतो, तेव्हा दोन ओळींची नोंद दोन्ही कर्तव्यांना पुरी पडत नाही. तथापि, हाती दुरुस्ती असताना आपल्या वाचकाला दीड महिना दोषासह बसवून ठेवणे हेही समर्थनीय ठरले नसते, आणि म्हणून ह्या बाबतीत आमचा कौल प्रकल्पाच्या बाजूने आहे.

एकंदर विचार करता, ओपनबीएसडीचे शुद्धिपत्र हे आपल्या प्रकारातील उत्तम लेखन होय. समस्वर, संक्षेप, त्याज्य पाठाचे जतन आणि तारखेचा प्रामाणिकपणा हे त्याचे गुण कोणत्याही संपादकाने अनुकरण करण्याजोगे आहेत. त्याचा एकमेव ठळक दोष म्हणजे वर्गनामाला दिलेले निश्चयाचे रूप. त्या नामाशेजारी, हा निर्णय कोणत्या आधारावर केला हे सांगणारे एखादे वाक्य असते, तर २००७ च्या फेब्रुवारीतील वाचकाला आपला निर्णय अधिक डोळसपणे करता आला असता. तोवर वाचकाने आपल्यापुरता एक नियम पाळावा हे बरे : ‘विश्वसनीयता’ हा शब्द दिसला की त्याचा अर्थ ‘आजपर्यंत ज्ञात असलेल्या पुराव्यानुसार’ एवढाच घ्यावा, आणि दोन्ही वर्गांच्या दुरुस्त्या सारख्याच तत्परतेने लावाव्यात.