नकारार्थी संज्ञा आणि स्तनकर्करोगाची पेशी

ज्या आरएनएपासून प्रथिन घडत नाही, त्याचे 'नॉन-कोडिंग' हे नाव त्याच्या अभावावरून पडले आहे. मराठीत त्याला 'असंकेतक' म्हणणे अपुरे आहे. 'निरर्थक' म्हणणे तर सर्वस्वी चूक होय. सुसुमु ओहनो यांनी १९७२ साली डीएनएच्या प्रथिन न घडविणाऱ्या भागाविषयी 'कचरा' ही उपमा रूढ केली, आणि संशोधकांची दृष्टी बराच काळ त्या उपमेत अडकून पडली.

भाषाभ्यासकाला हा घोटाळा परिचित आहे. उपसर्गाला स्वतंत्र अर्थ नाही, हे शाकटायनाचे मत व गार्ग्याचा त्यास विरोध यास्काने निरुक्तात नोंदविला आहे. पुढे वैयाकरणांनी 'वाचक' आणि 'द्योतक' असा भेद केला. 'खालापूरहून कर्जतला' यातील प्रत्ययांची अदलाबदल करून पाहावी. गावे तीच राहतात, प्रवास मात्र उलटतो.

ह्यूस्टन येथील एम. डी. अँडरसन केंद्रातील संशोधकांनी २०१६ साली वर्णिलेला 'लिंक-ए' हा दीर्घ आरएनए असाच द्योतक आहे. 'हिफ-१-अल्फा' हे प्रथिन एरव्ही प्राणवायू पुरेसा असता नष्ट केले जाते. प्राणवायू कमी पडला तरच ते टिकते आणि पेशीला ग्लुकोजच्या झपाट्याच्या विघटनाकडे वळविते. लिंक-ए दोन विकरांना या प्रथिनाजवळ आणतो. परिणामी प्राणवायू असूनही ते टिकते, पेशीचा चयापचय बदलतो व अर्बुद वाढते. अर्थात पेशीतील प्रत्येक आरएनए असा कार्यक्षम असतो, असे नव्हे. काही निव्वळ गोंगाटच असावेत. म्हणूनच सरसकट 'नियामक' हे नावही उतावीळपणाचे ठरेल.

लिंक-ए प्रामुख्याने आढळला तो 'ट्रिपल निगेटिव्ह' स्तनकर्करोगात. हेही नाव नकारार्थीच, आणि येथे प्रश्न केवळ परिभाषेचा राहत नाही. कर्जत वा खालापूर तालुक्यातून शेजारच्या पनवेल तालुक्यात, खारघरच्या ॲक्ट्रेक संस्थेत तपासणीस जाणाऱ्या स्त्रीच्या बोलीत 'रिपोर्ट निगेटिव्ह आला' याचा अर्थ रोग नाही, असाच होतो. प्रत्यक्षात इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन व हर-२ यांची ग्राहके पेशीवर नाहीत, एवढेच तेथे सांगावयाचे असते; म्हणजे त्या ग्राहकांवर चालणारी औषधे तिला लागू पडत नाहीत. अशा अहवालाच्या मराठी प्रतीत पहिले वाक्य 'कर्करोग आहे' हे असावे, आणि न आढळलेल्या ग्राहकांची नावे त्यानंतर यावीत.