चरित्रकथनातील उंबरठा : विल्सन यांचा युद्धप्रवेश

चरित्र कोठे थांबते, हा प्रश्न केवळ रचनेचा नसतो. आर्थर लिंक यांनी लिहिलेल्या वुड्रो विल्सन यांच्या चरित्राचे पाच खंड १९४७ ते १९६५ या काळात प्रसिद्ध झाले. पुढे लिंक विल्सन यांच्या कागदपत्रांच्या संपादनात गुंतले आणि चरित्र एप्रिल १९१७ पाशी, अमेरिकेच्या युद्धप्रवेशापाशीच राहिले. परिणामी युद्धप्रवेश हीच या संहितेची परिणती ठरते. तत्पूर्वीचा प्रत्येक तपशील, घरगुती असो वा लष्करी, तिची पूर्वसूचना म्हणून वाचला जाऊ लागतो.

या पूर्वरंगातील योगायोग विलक्षण आहेत. युरोपात युद्ध पेटले त्याच सुमारास, ६ ऑगस्ट १९१४ रोजी, विल्सन यांच्या पत्नी एलेन यांचे निधन झाले. मे १९१५ च्या प्रारंभी त्यांनी एडिथ गॉल्ट यांना मागणी घातली आणि त्याच आठवड्यात, ७ मे रोजी, ‘लुसिटानिया’ बुडाली. १८ डिसेंबरला विवाह झाला. येथे समकालिकतेला कार्यकारणभावाचे रूप देण्याचा मोह चरित्रकारांना आवरत नाही. शोकातून अलिप्तता, प्रेमातून नवा आत्मविश्वास ही साखळी वाचनीय असते. परंतु तिचे तर्कशास्त्र रूपकाचे असते, पुराव्याचे नव्हे. फ्रॉइड आणि बुलिट तर विल्सन यांच्या पितृसंबंधातच सर्व निर्णयांची किल्ली शोधतात.

लष्करी बाजू असे रूपक पुरवत नाही, म्हणूनच ती बहुधा पार्श्वभूमीत ढकलली जाते. फेब्रुवारी १९१६ मध्ये सैन्यरचनेच्या वादातून युद्धमंत्री गॅरिसन यांनी राजीनामा दिला. मार्चमध्ये व्हियाच्या टोळीने न्यू मेक्सिकोतील कोलंबस गावावर हल्ला केला. त्याला पकडण्यासाठी पर्शिंग मेक्सिकोत गेले आणि फेब्रुवारी १९१७ मध्ये त्याला न पकडताच परतले. जून १९१६ च्या कायद्याने नियमित सैन्य पाच वर्षांत पावणेदोन लाखांवर न्यायचे ठरले होते. युद्धात उतरताना ते सुमारे सव्वा लाखच होते. अध्यक्षांच्या पत्रव्यवहारातील हळवेपणापेक्षा हे आकडे अधिक बोलके आहेत.

तरीही वाचकाच्या स्मरणात राहतो तो व्यथित अध्यक्ष. टमल्टी या सचिवांनी १९२१ च्या आठवणींत, युद्धाच्या भाषणानंतर विल्सन मेजावर डोके टेकून रडल्याचे लिहिले आहे. त्याहून प्रसिद्ध आहे तो पत्रकार फ्रँक कॉब यांच्याशी झालेला संवाद. भाषणाच्या आदल्या रात्री, युद्ध राष्ट्राला क्रूर आणि असहिष्णू करील अशी भीती विल्सन यांनी बोलून दाखवली, असे त्यात सांगितले जाते. हा वृत्तांत मात्र कॉब यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये, अँडरसन आणि स्टॉलिंग्ज या त्यांच्या सहकाऱ्यांच्या स्मरणातून छापला गेला. आणि हे दोघे त्याच वर्षी रंगभूमीवर आलेल्या एका युद्धनाटकाचे लेखक! ही स्वगताची धाटणी कोणाची, ही शंका म्हणूनच अप्रस्तुत ठरत नाही. १९६७ मध्ये जेरॉल्ड ऑअरबाख यांनी संवादाच्या अस्सलपणावरच प्रश्नचिन्ह लावले.

लिंक यांनी संवाद खरा मानला, पण तो १९ मार्चकडे मागे नेला. हा फेरफार किरकोळ नाही. मंत्रिमंडळाने युद्धाचा एकमुखी सल्ला दिला तो २० मार्चला. एप्रिलमधले तेच शब्द निर्णयानंतरचा विलाप ठरतात. १९ मार्चला ते, ज्याच्या हाती नकार अजून शिल्लक होता, अशा माणसाचे ठरतात.