चष्मा जातो, डोळा तोच राहतो

बारावीचे निकाल लागले की वर्तमानपत्रांच्या पानांवर लेसरने चष्मा घालवणाऱ्या केंद्रांच्या जाहिराती दिसू लागतात. नेत्रतपासणी शिबिरांतूनही तशी पत्रके वाटली जातात. अशी काही पत्रके आम्ही समोर ठेवून वाचली. केंद्रे वेगवेगळी, पण शब्द जवळजवळ तेच. चष्म्यापासून कायमची मुक्ती. दहा मिनिटांत, वेदनारहित. दृष्टी सहा बाय सहा. सोबत चष्मा फेकून देणाऱ्या हसऱ्या तरुणीचे चित्र. डोळ्याचे चित्र मात्र एकाही पत्रकात नव्हते. ज्या अवयवावर शस्त्रक्रिया करायची, त्याच्या कोणत्या भागाला हात लावणार आणि कोणत्या भागाला नाही, हे कुठेच सांगितलेले नव्हते.

सुरुवातीलाच सांगायला हवे की या शस्त्रक्रियेला आमचा विरोध नाही. योग्य माणूस निवडून, नीट तपासणी करून केलेल्या शस्त्रक्रियांचे निष्कर्ष चांगले आहेत. आमची तक्रार आहे ती तिची ओळख करून देण्याच्या पद्धतीबद्दल. आणि या तक्रारीत थोडा वाटा आपल्या, म्हणजे शिक्षकांच्या, फळ्यावरच्या आकृतीचाही आहे. ‘सर, लेसर करून घेऊ का?’ असे विद्यार्थी विचारतो, तेव्हा त्या आकृतीतून उत्तर सापडत नाही.

निकटदृष्टिता शिकवताना आपण एक गोल काढतो, आत भिंग काढतो आणि समांतर किरण त्या भिंगापाशी वाकवून दृष्टिपटलाच्या अलीकडे एकत्र आणतो. ही आकृती पाहून कुणालाही वाटेल की किरण वाकवण्याचे सारे काम आतल्या भिंगाचे आहे. प्रत्यक्षात डोळ्याची एकूण शक्ती सुमारे ६० डायॉप्टर, आणि त्यातली सुमारे ४३ डायॉप्टर ही डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पारपटलाची. म्हणजे दोन तृतीयांशाहून अधिक काम पारपटल करते. आतले भिंग उरलेले काम करते, शिवाय जवळचे-लांबचे पाहताना फेरफारही करते. पुस्तकात पारपटलाविषयी एखादे वाक्य असते, पण मुलांच्या डोक्यात आकृतीच राहते.

पारपटलाचे हे काम पटवायला प्रयोगशाळा लागत नाही. विहिरीत किंवा नदीत पोहणाऱ्या मुलांना विचारा. पाण्याखाली डोळे उघडले की सगळे धूसर दिसते आणि पोहण्याचा गॉगल लावला की स्पष्ट दिसते, हा त्यांचा अनुभव असतो. पारपटलाचा अपवर्तनांक सुमारे १.३८ आणि पाण्याचा १.३३. दोन्ही इतके जवळ की पाण्याखाली पारपटल जवळजवळ निकामी होते. आतले भिंग तसेच असूनही दिसत नाही. गॉगलमुळे डोळ्यासमोर पुन्हा हवा येते आणि पारपटलाला त्याची शक्ती परत मिळते. एवढे कळलेल्या मुलाला लेसरचे तत्त्व दोन वाक्यांत सांगता येते. निकटदृष्टितेत पारपटलाचा मधला भाग किंचित सपाट करायचा, म्हणजे त्याची शक्ती कमी होते आणि किरण मागे सरकून दृष्टिपटलावर एकत्र येतात.

सपाट करायचा तो कोरून. त्यासाठी १९३ नॅनोमीटर तरंगलांबीचा, अतिनील प्रकाशाचा एक्सायमर लेसर वापरतात. त्याचा इतिहास मुलांना आवडेल असा आहे. मद्रास विद्यापीठात शिकलेले रंगस्वामी श्रीनिवासन अमेरिकेत आयबीएमच्या संशोधनकेंद्रात काम करत होते. १९८१ च्या नोव्हेंबरमध्ये थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी जेवणातून उरलेले टर्की पक्ष्याचे मांस प्रयोगशाळेत आणले आणि त्यावर हा लेसर सोडला. मांसावर स्वच्छ रेघ कोरली गेली, आजूबाजूला जळल्याची खूण नव्हती. या प्रकाशाची ऊर्जा रेणूंमधले बंध थेट तोडते आणि बाजूच्या पेशींना भाजण्याइतकी उष्णता पसरत नाही. स्टीफन ट्रोकेल या नेत्रतज्ज्ञाबरोबर त्यांनी १९८३ मध्ये पारपटलावरच्या प्रयोगांचा निबंध प्रसिद्ध केला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने पारपटल कोरण्यासाठी या लेसरला १९९५ मध्ये मान्यता दिली.

आता थोडे गणित करू. पारपटल मध्यभागी सुमारे ५४० मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून जरा जास्त जाड असते. किती कोरावे लागेल याचा एक ढोबळ नियम आहे. कोरायच्या वर्तुळाचा व्यास मिलिमीटरमध्ये घेऊन त्याचा वर्ग करा, नंबराने गुणा आणि तीनने भागा. उत्तर मायक्रॉनमध्ये येते. व्यास ६ मिलिमीटर घेतला तर एका डायॉप्टरला १२ मायक्रॉन होतात. उणे चार नंबर असेल तर ४८ मायक्रॉन. लॅसिक पद्धतीत आधी वरचा सुमारे ११० मायक्रॉनचा पापुद्रा झाकणासारखा उचलतात, खाली कोरतात आणि झाकण परत बसवतात. झाकण पुन्हा चिकटते, पण बळकटी देण्यात त्याचा फारसा उपयोग राहत नाही. म्हणून खाली निदान २५० मायक्रॉन तरी शिल्लक राहावेत असा संकेत आहे. उणे चारच्या सर्वसाधारण डोळ्यात ३८२ उरतात. काळजीचे कारण नाही. पण एखाद्याचे पारपटल मुळातच ४८० मायक्रॉनचे आणि नंबर उणे दहा असेल, तर ४८० मधून ११० आणि १२० वजा करा. बरोबर २५० उरतात, म्हणजे अगदी काठावर. पारपटल फार पातळ राहिले, किंवा ते मुळातच कमकुवत असून शंकूसारखे पुढे येण्याच्या रोगाची सुरुवात तपासणीत निसटली, तर शस्त्रक्रियेनंतर ते पुढे फुगू लागते आणि दृष्टी चष्म्यानेही पुरती सुधारत नाही. ही वजाबाकी आठवीच्या मुलालाही जमेल. पत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ती सहज मावली असती.

यापुढचा मुद्दा आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. निकटदृष्टितेत बहुतेक वेळा डोळा मागेपुढे लांबलेला असतो. सर्वसाधारण डोळ्याची लांबी २४ मिलिमीटरच्या आसपास असते. ती एका मिलिमीटरने वाढली तर अडीच-तीन डायॉप्टरचा नंबर येतो. लेसर डोळ्याची लांबी कमी करत नाही. मागे ताणले गेलेले दृष्टिपटल ताणलेलेच राहते आणि ते सुटण्याचा धोका जास्त नंबर असलेल्यांना शस्त्रक्रियेनंतरही तितकाच राहतो. चष्मा गेला म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाणेही थांबते, हा यातला खरा धोका. एकाएकी प्रकाशाच्या चमका दिसल्या, काळे ठिपके तरंगू लागले किंवा नजरेसमोर पडदा सरकल्यासारखे वाटले, तर चष्मा नसलेल्या माणसानेही त्याच दिवशी डॉक्टर गाठायला हवा.

‘कायमची मुक्ती’ हे शब्दही तपासून पाहू. चाळिशीच्या सुमारास आतले भिंग ताठर होऊ लागते, समायोजन शक्ती घटते आणि जवळचे वाचायला चष्मा लागतो. मराठीत आपण त्या चष्म्यालाच चाळिशी म्हणतो. लेसर पारपटलावर चालतो, भिंगावर नाही. त्यामुळे ही चाळिशी चुकत नाही. उणे अडीच नंबरची एखादी शिक्षिका पंचेचाळिसाव्या वर्षी चष्मा काढून वह्या तपासते. एक भागिले अडीच म्हणजे ४० सेंटिमीटर, नेमके वहीचे अंतर. तिने दोन्ही डोळ्यांचा नंबर लेसरने शून्य करून घेतला, तर फळा बिनचष्म्याने दिसेल आणि वह्यांना चष्मा लागेल. कुणाला हा सौदा पसंत पडेलही. पण तो सौदा आहे, एवढे तिला आधी कळायला हवे.

‘सहा बाय सहा’चे काय? पांढऱ्या तक्त्यावरची काळी अक्षरे उजेडाच्या खोलीत वाचणे हा दृष्टीचा एक भाग झाला. रात्री बाहुली मोठी होते आणि कोरलेल्या भागाच्या कडेवरूनही प्रकाश आत येतो. समोरून येणाऱ्या ट्रकच्या दिव्याभोवती खळे पडण्याचे हे एक कारण. तक्त्यावर त्याची नोंद होत नाही. अमेरिकेत अन्न व औषध प्रशासनाच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन अभ्यासांत लॅसिक करून घेतलेल्या लोकांनाच प्रश्नावली देऊन विचारले होते. पाचशेहून थोडी अधिक माणसे होती. शस्त्रक्रियेपूर्वी ज्यांना खळी, चकाकी, दुहेरी कडा असे काहीच दिसत नव्हते, त्यांतल्या ४३ ते ४६ टक्के लोकांना तीन महिन्यांनी यांपैकी काही ना काही दिसू लागले होते. त्याच अभ्यासांत आपल्या दृष्टीबद्दल असमाधानी लोक जेमतेम एक ते चार टक्के निघाले. या त्रासामुळे रोजच्या कामांत फार अडचण येते असे सांगणारे एका टक्क्याहून कमी होते. आणि आधी चष्म्यातूनही असे त्रास होणारे बरेच लोक होते, त्यांचे त्रास कमी झाले.

पत्रके यातला समाधानाचा आकडा छापतात, विरोधक ४६ टक्क्यांचा. आकडे दोन्ही खरे आहेत, पण ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. संख्याशास्त्र शिकवणाऱ्या शिक्षकांनी हे उदाहरण वर्गात जरूर घ्यावे. त्या अभ्यासातली आणखी एक गोष्ट आम्हाला बोलकी वाटली. लोकांनी प्रश्नावलीत जितके त्रास लिहिले, त्याच्या निम्म्याहूनही कमी डॉक्टरांना तोंडी सांगितले. तेव्हा ‘आमच्या एकाही रुग्णाची तक्रार नाही’ हे वाक्य प्रामाणिकपणे लिहिलेले असूनही फसवे असू शकते.

‘दहा मिनिटां’बद्दल फार लिहीत नाही. लेसर तर त्याहूनही कमी वेळ चालतो. पण झाकण कापताना पारपटलातल्या बारीक नसाही कापल्या जातात. त्या परत वाढायला काही महिने लागतात आणि तोवर अनेकांचे डोळे कोरडे पडतात. झाकण न करता पृष्ठभागावरच कोरण्याची किंवा बारीक छेदातून आतली चकती काढण्याची पद्धतही आहे. पहिलीत सुरुवातीचे दुखणे जास्त, दुसरीत झाकणाचा प्रश्न नाही. पण वरचे डोळ्याच्या लांबीचे आणि चाळिशीचे मुद्दे तिन्ही पद्धतींना लागू आहेत.

विद्यार्थ्यांच्या दृष्टीने वय आणि नोकरी या दोन गोष्टी तातडीच्या आहेत. अठराच्या आत ही शस्त्रक्रिया करत नाहीत, आणि अठरानंतरही नंबर निदान वर्षभर स्थिर हवा. दहावीनंतर दरवर्षी नंबर वाढणाऱ्या मुलाने घाई केली तर डोळा लांबत राहतो आणि नंबर पुन्हा येतो. नोकरीचे तर विचारूच नका. पोलीस, सैन्य, रेल्वे अशा भरतीसाठी चष्मा नको म्हणून कर्ज काढून शस्त्रक्रिया करणारी मुले आपल्या आसपास असतात. रेल्वेच्या साहाय्यक लोको पायलट पदाच्या २०२४ च्या जाहिरातीत लॅसिक किंवा नंबर घालवणारी दुसरी कोणतीही शस्त्रक्रिया झालेला उमेदवार अपात्र ठरवला होता. म्हणजे ज्या नोकरीसाठी चष्मा घालवला, तिचेच दार त्यामुळे बंद. कोरलेले पारपटल परत भरून आणता येत नाही. निरनिराळ्या सेवांचे नियम वेगळे आहेत आणि बदलतातही. म्हणून त्या वर्षीच्या जाहिरातीतला वैद्यकीय पात्रतेचा मजकूर आधी वाचावा आणि मग केंद्राची पायरी चढावी.

तिथे गेल्यावर आपल्या पारपटलाची जाडी किती, त्याच्या उंचसखलपणाचा नकाशा काढला का, कोरल्यावर किती मायक्रॉन उरतील, दृष्टिपटल बाहुली मोठी करून तपासले का, हे विचारायला संकोच करू नये. उत्तरे लिहून मागावीत आणि ते कागद जपून ठेवावेत. पुढे डोळ्यातला दाब मोजताना पातळ झालेल्या पारपटलामुळे तो खऱ्यापेक्षा कमी भरतो आणि काचबिंदू नजरेतून सुटू शकतो. साठीत मोतीबिंदू काढायची वेळ आली की आत बसवायच्या कृत्रिम भिंगाची शक्ती पारपटलाच्या वक्रतेवरून काढतात. कोरलेल्या डोळ्यात हा हिशेब चुकण्याचा संभव असतो. तेव्हा त्या डॉक्टरला चाळीस वर्षांपूर्वीची मूळ मापे हातात मिळाली, तर त्याचे काम बरेच सोपे होते.