धान्याचा ट्रक आणि गिअरचा धडा

'गिअर बदलला की इंजिनाची शक्ती वाढते' हे वाक्य विद्यार्थ्यांच्या वह्यांत आणि वाहनांवरील लोकप्रिय लेखांतही आम्हाला वारंवार भेटले आहे. ते चूक आहे. या चुकीमुळेच धान्याच्या ट्रकला हाताने बदलायचे गिअर बरे की ऑटोमॅटिक, ही चर्चा जुने विरुद्ध आधुनिक अशी घसरते.

मूर्तिजापूरच्या एखाद्या शेतातून सोयाबीन भरून निघालेला ट्रक घेऊ. एकूण वजन 16 टन समजा. शेतातून रस्त्यावर चढताना दहास एक असा चढ असेल, तर त्याला मागे ओढणारे बल सुमारे 16,000 न्यूटन. चाकाची त्रिज्या अर्धा मीटर धरली, तर चाकावर 8,000 न्यूटन-मीटर टॉर्क हवा. इंजिनाचा टॉर्क 400 न्यूटन-मीटर असेल, तर गिअर आणि मागचे डिफरन्शियल मिळून तो वीसपट करावा लागतो. बदल्यात चाकाचे फेरे इंजिनाच्या एकविसांश होतात. शक्ती म्हणजे टॉर्क आणि कोनीय वेग यांचा गुणाकार. ती वाढत नाही, उलट घर्षणात थोडी जाते.

याच गावाहून सुटणाऱ्या 'शकुंतले'ला 1994 पर्यंत मँचेस्टरला 1921 साली बनलेले वाफेचे इंजिन ओढत असे. त्याला गिअर नव्हते. का, हा प्रश्न वर्गात जरूर विचारावा. चाक थांबलेले असतानाही वाफ दट्ट्यावर पूर्ण जोराने दाब देते. डिझेल इंजिन थांबलेल्या चाकाला सरळ जोडले, तर बंदच पडते. (ती गाडीही आता बंद आहे, पण प्रश्न टिकून आहे.)

म्हणून क्लच आला. तो घसरत घसरत पकडतो, पण टॉर्क वाढवू शकत नाही. ऑटोमॅटिकमधील टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनाचे चक्र तेल फेकते, ते दुसऱ्या चक्राला फिरवते आणि मधली पाती परतणाऱ्या तेलाची दिशा वळवतात. गाडी सुटताना टॉर्क जवळजवळ दुप्पट होतो. तेल मात्र तापते. शिवाय गिअर बदलताना ओढ तुटत नाही. परतीच्या पावसात काळ्या मातीत गिअर बदलायला गेले आणि ट्रक रुतला, हे वऱ्हाडात कोणाला सांगायला नको. येथे ऑटोमॅटिकची बाजू खरी आहे. भरल्या ट्रकने डांबरी रस्त्यावर एकाच गिअरमध्ये तासन् तास जायचे असेल, तर हा फायदा जवळजवळ उरत नाही. आणि क्लचप्लेट बदलणारा मिस्त्री तालुक्याच्या गावी मिळतो.

आमचा मुख्य आक्षेप वेगळाच आहे. साध्याच गिअरपेटीवर संगणकाने क्लच आणि गिअर हलवण्याची सोय बसवली, तर तिलाही हे लेख 'ऑटोमॅटिक' म्हणतात. तिच्यात कन्व्हर्टर नसतो. चालकाचा डावा पाय सुटतो, पण गिअर बदलताना ओढ तुटतेच. चिखलाचे शेत डोळ्यांपुढे ठेवून, कर्ज काढून ट्रक घेणाऱ्याला हा फरक घेण्याआधी कळायला हवा.