तिचा फोटो, आमचं काम

तत्त्वज्ञानाच्या माणसाचं व्याख्यान म्हटलं की शिंदखेड्यातले श्रोते ब्रह्म, माया असं काहीतरी ऐकायच्या तयारीनं येतात. आज विषय एका अर्जातल्या एका वाक्याचा आहे. विकिमीडिया कॉमन्स हे फोटोंचं, ध्वनिफितींचं, चित्रफितींचं खुलं भांडार 2004 साली सुरू झालं. आज त्यात 10 कोटींहून जास्त फाइली आहेत आणि विकिपीडियावर दिसणारे बहुतेक फोटो तिथूनच येतात. आपण काढलेला फोटो तिथं चढवताना आधी सांगावं लागतं, की हे माझं स्वतःचं काम आहे. ‘स्व’ म्हणजे काय यावर आम्ही वर्गात तासन्‌तास बोललो आहोत. त्या चौकटीत खूण करताना मात्र क्षणभरही थांबलो नाही.

फोटो होता दोंडाईच्याकडच्या एका मिरचीच्या पथारीवरचा. लाल मिरचीचा सडा पडलेला, आणि देठ खुडणारी एक म्हातारी मान वर करून आमच्याकडे बघतेय. चांगला फोटो, खोटं कशाला बोला. खानदेशाची मिरची जगाला दिसावी म्हणून आम्ही तो खुल्या परवान्याखाली चढवला. वर्षभरानं एका जुन्या विद्यार्थ्यानं तिखटाचं एक पाकीट आणून दाखवलं. त्यावर तीच म्हातारी. आणि आमचा पहिला राग कशाचा, तर खाली आमचं नाव नाही याचा! परवान्यात श्रेय देण्याची अट आहे, ती मोडली म्हणून आम्ही तक्रारीचा मसुदासुद्धा लिहायला घेतला.

मसुदा अर्धा असतानाच पाकीट घेऊन पथारीवर गेलो. म्हातारीनं ते उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, “हाऊ फोटू मना शे ना? मंग माले काब्र नही इचारं?”

आमच्याकडे उत्तर नव्हतं. कायद्याकडे काय आहे, ते बघू.

1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटोचा कर्ता म्हणजे तो काढणारा. 2012 च्या दुरुस्तीपासून त्याचा हक्क त्याच्या हयातीत आणि पुढं 60 वर्षं चालतो. म्हणजे त्या म्हातारीच्या चेहऱ्याच्या या फोटोवर आमच्या नातवंडांचा हक्क राहील, तिच्या नातवंडांचा नाही. याच कायद्याचं कलम 17 वाचण्यासारखं आहे. कोणी मोबदला देऊन आपला फोटो काढून घेतला आणि वेगळा करार केला नाही, तर पहिला मालक पैसे देणारा ठरतो, छायाचित्रकार नव्हे. लग्नाचे फोटो म्हणून घरच्यांचे. स्टुडिओत जाऊन कोट घालून काढलेला आजोबांचा फोटो म्हणून आजोबांचा. या कलमाची टीका कुणी फारशी करत नाही, पण त्याचा अर्थ असा होतो की आपल्या चेहऱ्याच्या चित्रावर मालकी हवी तर आधी पैसे मोजा. ज्यांनी मोजले नाहीत, म्हणजे मजूर, वारकरी, सारंगखेड्याच्या यात्रेतला घोडेवाला, होळीत नाचणारे पावरा-भिल्ल, त्यांचे फोटो दुसऱ्याचं ‘स्वतःचं काम’ होतात. गंमत अशी की मराठी भाषा हे मान्य करत नाही. आपण ‘मी तिचा फोटो काढला’ असंच म्हणतो. व्याकरणात तो तिचा आहे.

आता कोणी म्हणेल, खासगीपणाचा हक्क आहेच की. आहे. पुट्टस्वामी खटल्यात 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी तो मूलभूत हक्क ठरवला. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याची 4.0 ही आवृत्ती तर स्वतःच सांगते, की या परवान्यानं फोटोतल्या माणसाचे खासगीपणाचे आणि प्रसिद्धीचे हक्क दिले जात नाहीत. कॉमन्सवरही अशा फोटोखाली एक सूचना लावता येते: वापरणाऱ्यानं हे हक्क तपासावेत. आमचा आक्षेप नेमका इथं आहे. भांडार म्हणतं, वापरणारा तपासेल. वापरणारा म्हणतो, भांडारात मोकळं ठेवलंय म्हणजे चालतं. चढवणारा म्हणतो, मी कॉपीराइटचं सगळं नीट केलंय. ज्याला विचारायचं, तो माणूस या तिघांच्याही अर्जात नाही. आणि कॉमन्स व्यापारी वापराला मनाई असलेला परवाना स्वीकारत नाही, म्हणजे पाकीट हा अपघात नव्हे. परवानगी देतानाच ते दिलेलं असतं.

अमेरिकेत 2007 साली हेच घडलं. एका शाळकरी मुलीचा ओळखीच्या माणसानं काढलेला फोटो फ्लिकरवर खुल्या परवान्याखाली होता. तो ऑस्ट्रेलियातल्या एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत झळकला. घरच्यांनी दावा केला, पण कंपनीवर आपला अधिकार चालत नाही म्हणून तिथल्या न्यायालयानं तो काढून टाकला. डॅलसच्या मुलीची ही गत, तर पथारीवरच्या बाईनं कुठं जायचं?

म्हणून भांडार बंद करा असं आम्ही म्हणत नाही. खुले फोटो नसते तर आपला तालुका इंटरनेटवर नुसता नकाशातला ठिपका राहिला असता. राजवाड्यांची आठवण धुळे जिल्ह्यात काढायलाच हवी. मराठ्यांच्या इतिहासाची साधने जमवताना त्यांनी घराघरांतली दप्तरं उघडी केली. ते कागदही खासगीच होते. पण त्यांना दारात उभं राहून मागावं लागत होतं, आणि घरधन्याला नाही म्हणता येत होतं. कॅमेऱ्यानं ते दारच काढून टाकलं.

दुसरी अडचण नावाची. 1868 ते 1875 मध्ये इंग्रज सरकारनं ‘द पीपल ऑफ इंडिया’चे आठ खंड काढले. त्यात बहुतेकांची ओळख जात-जमातीची, माणसाची नव्हे. ते फोटो आज सर्वांचे आहेत. आम्हीही मथळा दिला होता ‘मिरची निवडणारी महिला, खानदेश’. नाव दिलं असतं तर खासगीपणा गेला असता. न देऊन आम्ही तिचा नमुना केला. याचं उत्तर आम्हाला अजून सापडलेलं नाही, आणि चेहरा धूसर करणं हे उत्तर नाही, कारण मग उरते ती नुसती मिरची.

फाइल काढून टाका अशी मागणी आम्ही केली. चढवून सात दिवस उलटले की नुसत्या चढवणाऱ्याच्या शब्दावर ती काढत नाहीत, चर्चा होते. चर्चेत आम्ही आमच्याच फोटोविरुद्ध बाजू मांडली. फोटो निघाला, पाकिटं दुकानात राहिली.

मग पुन्हा पथारीवर गेलो, खाली बसलो आणि परवाना अहिराणीत सांगितला: कोणीही घेईल, कुठंही छापेल, विकेल, परत मागता येणार नाही. समजावून द्यायला अर्धा तास गेला. तिनं थोडा विचार केला, मिरचीचा एक देठ खुडला आणि म्हणाली, “हात चालतीन. तोंड नको.”